खांबेट्यांना पटलेलं गॅरेज

नारायण पेठेतल्या किराणा दुकानात गोपाळकृष्ण खांबेटे शिरले की दुकानदार तराजूचं रिकामं पारडं आपणहून दाखवायचा. खांबेट्यांनी तशी मागणी कधी केली नव्हती. ते नुसते पारड्याकडे बघत उभे राहायचे. पण त्या बघण्यात असं काही असायचं, की सरळ माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटू लागावं. पेढे घेताना ते खोक्याचं वजन वेगळं विचारायचे. लग्नपत्रिका आली की मुहूर्त पंचांगात ताडून बघायचे. एकदा तर मुहूर्त चुकीचा निघाला आणि त्यांनी यजमानांना फोन करून कळवलंही. त्या लग्नाला मग खांबेटे पतीपत्नी गेले नाहीत. बोलावणं होतं, पण उल्काबाईंचं धैर्य झालं नाही.

हा स्वभाव जन्मजात होता की नोकरीने घडवला, हे सांगणं कठीण. पिंपरीकडच्या एका इंजिनांच्या कारखान्यात खांबेटे उभी हयात इन्स्पेक्शन खात्यात होते. बाहेरून सुटे भाग आले की आधी ह्यांच्या टेबलावर. हे मोजमाप घेणार, उजेडात फिरवून बघणार, नखाने टकटक करून आवाज ऐकणार, आणि मनाला पटलं नाही की लाल रंगाचा एक फराटा मारून माल परत. दिवाळीला पुरवठादार मिठाई घेऊन आले की मिठाईही परत. "माल चांगला असता तर मिठाई कशाला आणली असती?" असं त्यांचं म्हणणं.

नव्वद सालानंतर देशाचे दरवाजे उघडले आणि कारखान्यात परदेशी भागीदार आले. टाय लावलेल्या एका तरुण मॅनेजरने सगळ्यांना सभागृहात बसवून सांगितलं, की यापुढे पुरवठादार आपला माल स्वतःच तपासून पाठवतील. आपण त्यांच्यावर विश्वास टाकायचा. जगभर असंच चालतं. महिन्याभरात खात्यातली टेबलं उचलली गेली. खांबेट्यांना भांडार विभागात बसायला जागा दिली होती, पण त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी आले. तेव्हापासून कुणी "विश्वास" म्हटलं की त्यांचा हात खिशातल्या पाकिटाकडे जायचा.

मुलगा केदार इंजिनिअर होऊन हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. दोनेक वर्षांत त्याने गाडी घेतली. डिझेलवरची, छोटी, काळपट निळ्या रंगाची. रोज तो कंपनीच्या बसने जायचा. गाडी शनिवार-रविवारची. त्यामुळे तिची देखभाल आपोआप वडिलांकडे आली. केदार म्हणाला, "बाबा, तुम्ही इंजिनातले. तुम्हीच बघा." खांबेट्यांना ते ऐकून बरं वाटलं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

सुरुवातीला गाडी, ती बनवणाऱ्या कंपनीच्याच अधिकृत सर्व्हिस केंद्रात जायची. तिथे काचेच्या भिंतीआड थंडगार खोली, कॉफीचं यंत्र, आणि गाडी मात्र कुठेतरी मागे, नजरेआड. खांबेट्यांना कॉफीचा संशय आला. कॉफी फुकट मिळते तिथे काहीतरी महाग पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या खेपेला त्यांनी उल्काबाईंचं नेलपॉलिश घेतलं आणि एअर फिल्टरच्या पाठीवर एक बारीक ठिपका दिला. गाडी परत आली. बिलात नवा फिल्टर. बॉनेट उघडून बघितलं तर ठिपका जागच्या जागी, गुलाबी.

ते परत गेले. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघून सांगितलं, "सर, सिस्टिममध्ये तर बदललेला दिसतोय."

"मग सिस्टिमच बसवा माझ्या गाडीत," खांबेटे म्हणाले, आणि ते केंद्र सुटलं.

मग सुरू झाला शोध. मार्केट यार्डाजवळ ट्रकची कामं करणाऱ्या एका मिस्त्रीचं नाव कळलं. माणूस तोंडाने गोड होता. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने "साहेब, तुमचं क्लच गेलंय" असं सांगितलं. खांबेटे म्हणाले, "तुम्ही ज्योतिषी आहात. मला मिस्त्री हवाय." डेक्कनच्या बाजूचं दुसरं गॅरेज टापटिपीचं होतं, पण तिथे नव्या तेलाच्या डब्याचं सील आधीच उघडलेलं. तिसरीकडे मालक सारखा देवाची शपथ घेत होता. ज्याला शपथ घ्यावी लागते त्याचं काय ते समजावं, म्हणत खांबेटे तिथूनही निघाले. संध्याकाळी ते उल्काबाईंना सगळं सांगायचे. त्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "अहो, आता पुण्यातली गॅरेजं संपतील. पुढे काय सातारा?"

कर्वेनगरचं 'ढाकणे ऑटो' त्यांना कुणी सुचवलं नाही. म्हात्रे पुलावरून स्कूटरने एका परिचितांकडे जाताना ते दिसलं. पत्र्याची शेड, समोर कडुनिंब, आणि गाडीखालून बाहेर येणारी व्यक्ती ही निळ्या कोटातली बाई. खांबेट्यांनी स्कूटर बाजूला घेतली. बाई चाळिशीच्या आतबाहेरची, अंगाने भक्कम, मनगटापर्यंत काळी झालेली. तिने उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगितलं, गिऱ्हाइकाने हात जोडले. हात का जोडले असतील, याचा विचार करत खांबेटे परिचितांकडे जायचं विसरले.

मग ते दोन-चार सकाळी येऊन समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले. कोण येतं, कुठली गाडी किती वेळ थांबते, जुने भाग कुठे टाकतात, सगळं बघत होते. शेडच्या मागच्या कोपऱ्यात एक दाढीवाला तरुण लॅपटॉप गाडीला जोडून बसायचा. त्याच्याकडे कॉलेजची आणि आयटीतली पोरं यायची. जाताना त्यांच्या गाड्यांचा आवाज बदललेला असायचा. तो कोपरा खांबेट्यांना अजिबात पसंत पडला नाही.

एका सकाळी ती बाईच रस्ता ओलांडून टपरीवर आली.

"काका, रोज बघायलात. गाडी आहे, की नुसतंच बघायचंय?"

"गाडी आहे. आणायची की नाही ते अजून ठरलेलं नाही."

"बरं. मग आत येऊन ठरवा की. इथं ऊन लागायलंय तुम्हाला."

तिचं नाव दीपमाला ढाकणे. बीडकडची. वडील उसाच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करायचे, त्यांच्या हाताखाली शिकली, मग अंबाजोगाईला डिप्लोमा केला आणि धाकट्या भावाला, सुदर्शनला, घेऊन पुण्यात आली. मागच्या कोपऱ्यातला दाढीवाला तोच. इंजिनाची ताकद वाढवण्याचं काम तो करायचा. आधी तो एका मोटारशर्यतीच्या चमूबरोबर हिंडत होता. पहिली दोन वर्षं लोक शेडमध्ये येऊन "मालक कुठेत?" असं विचारायचे आणि ती "समोर उभीय" म्हणाली की गाडी वळवून निघून जायचे. हे तिने कुरकुर न करता सांगितलं. खांबेट्यांच्या मनात आलं, ही गोष्ट ऐकवायला चांगली आहे. म्हणजे ती बऱ्याच जणांना ऐकवली असणार.

तरीही त्यांनी गाडी आणली. ठिपके देऊन आणली. एअर फिल्टरला, तेलाच्या फिल्टरला, आणि एका अशा ठिकाणी जिथे कुणाची नजर जाणार नाही. तीन दिवसांनी सगळं तपासलं. जे बदललं म्हणून सांगितलं ते बदललेलं होतं. जे बदललं नाही म्हणून सांगितलं त्यावर ठिपका शाबूत होता. जुने भाग पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवलेले.

"पटलं?" घरी उल्काबाईंनी विचारलं.

"जुने भाग पिशवीत घालून देतात, म्हणजे खुणा करणारे लोक येतात हे त्यांना माहीत आहे."

उल्काबाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही इतकंच.

पण खांबेटे तिथे जात राहिले. वर्ष गेलं, दुसरं लागलं. ढाकणे ऑटोच्या शेडमध्ये कडुनिंबाच्या बाजूला एक लाकडी स्टूल त्यांचं म्हणून ठरून गेलं. काम नसलं तरी ते येऊन बसायचे. दीपमाला कामात असली तरी मधूनच एखादा भाग त्यांच्यापुढे धरायची. "काका, हा बघा बरं, ओरिजनल वाटतो का?" ते उजेडात फिरवायचे, टकटक करायचे. बहुतेकदा दोघांचं एकमत व्हायचं. एकदा तिने विचारलंही, "तुम्ही रोज दोन तास आमचा माल बघून द्याल का? चहापाणी, मानधन, काय म्हणाल ते."

"नको," खांबेटे म्हणाले. "मी बघतोय म्हटल्यावर तुम्ही बघणं सोडाल."

ती हसली. खांबेट्यांना मात्र विनोद केल्यासारखं वाटलं नव्हतं.

पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले होते. उल्काबाईंच्या चुलत बहिणीकडे सासवडला जायचं होतं. गाडी खांबेटे चालवत होते. दिवेघाटाच्या चढाला त्यांनी सवयीप्रमाणे गिअर खाली घेऊन पायाला जरा जोर दिला आणि गाडीने अशी उडी घेतली की उल्काबाईंच्या मांडीवरचा डबा खाली पडला. आरशात बघितलं तर मागे काळा धूर. ही गाडी असं कधी करत नव्हती. तिची कुवत त्यांना स्वतःच्या गुडघ्यांइतकी ठाऊक होती. परतीच्या वाटेवर घाट उतरताना आणखी एक गोष्ट झाली. तिसऱ्या वळणावर ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. फार नाही, थोडा. त्यांनी हँडब्रेकवर हात ठेवून बाकीचा घाट रांगत उतरवला.

"काय झालं?" उल्काबाईंनी विचारलं.

"ढाकणेबाईंनी केलं जे करायचं ते."

त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दोन दिवस तिथे होती. मागच्या कोपऱ्यात तो सुदर्शन. कुणा श्रीमंत पोराच्या गाडीचा भाग खराब झाला असेल, आपल्या गाडीचा चांगला काढून त्याला बसवला, त्याचा काहीबाही आपल्याला. दोन वर्षं स्टुलावर बसवून चहा पाजला तो ह्यासाठी. त्यांना राग आला, पण रागाखाली एक विचित्र समाधानही होतं. आपण म्हणत होतो ते खरं निघालं. कुणी म्हणजे कुणीही भरवशाचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ढाकणे ऑटोत आले ते स्टुलाकडे न बघता. गाडी शेडमध्ये उभी केली, किल्ली गाडीलाच राहिली.

"बाई, माझ्या इंजिनाला काय केलंत?"

दीपमालाने हात पुसले. बॉनेट उघडलं. डाव्या बाजूला वायरींच्या जुडग्याखाली काड्यापेटीएवढा एक काळा डबा होता. तो तिने बोटाने वर केला, बघितला आणि पुन्हा होता तसा ठेवला. मग ती खाली वाकून चाकाच्या फटीतून आत बघू लागली. उठली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. तिने गाडीची किल्ली काढून कोटाच्या खिशात टाकली.

"गाडी इथंच राहू द्या, काका. ब्रेकचं काम करावं लागतंय."

"ब्रेकची तक्रार मी अजून केलेली नाही."

"मी करायलेय."

"आणि हा डबा कसला? हा तुमच्या भावाचा उद्योग ना?"

"हा डबा आमचा नाही."

"मग कुणाचा?"

मागून सुदर्शन पुढे आला आणि काही बोलणार तेवढ्यात तिने त्याला हाताने थांबवलं. हे खांबेट्यांच्या नजरेतून सुटलं नाही. माणसं एकमेकांना थांबवतात तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी असतं.

"ते मला सांगता यायचं नाही," दीपमाला म्हणाली. "घरी विचारा."

"घरी? तुमच्या गॅरेजमधल्या गोष्टी मी माझ्या घरी विचारू? किल्ली द्या."

"नाही देणार."

"काय म्हणालात?"

"ही गाडी मी आज रस्त्यावर जाऊ देणार नाही, म्हणून सांगायलेय. शिव्या द्या, काय म्हणायचं ते म्हणा."

"मी पोलीस चौकीत जाईन."

"जावा. येताना त्यांना घेऊनच या. त्यांनाही चाक काढून दाखवते."

खांबेटे दारापर्यंत गेले आणि थांबले. चोर चाक काढून दाखवायला तयार असतो का? असतोही. दाखवण्याची तयारी हीसुद्धा एक युक्ती असते. पण वस्तू समोर असताना तर्क करत बसायचं नाही, हे ते नव्या लोकांना स्वतःच शिकवत आले होते. ते परत फिरले.

"काढा चाक. माझ्यासमोर. तुम्ही बोलू नका. मी बघतो."

दीपमालाने चाक काढलं आणि बाजूला झाली. खांबेटे धोतरासारखी पँट वर ओढून जमिनीवर बसले. ब्रेकची लोखंडी तबकडी त्यांनी उजेडाच्या बाजूने बघितली, चष्मा कपाळावर घेऊन पुन्हा बघितली, बोट फिरवलं. तापलेल्या लोखंडाचा रंग वाचणं ही त्यांची उभ्या हयातीची सवय. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि पार हाताबाहेर गेलं की निळा. ही तबकडी निळी होती. एका जागी नव्हे, सगळीकडे गोल. कडेला केसासारख्या बारीक चिरा होत्या, नखाला लागत होत्या. कुणाला पार्ट बदलून हा रंग आणता येत नाही. गाडी खूप जोरात पळवून, पुन्हा पुन्हा करकचून थांबवल्याशिवाय तो येत नाही. नारायण पेठेतून कर्वेनगरला स्कूटरच्या वेगाने गाडी आणणाऱ्या माणसाच्या ब्रेकला तर जन्मात येत नाही.

गाडी चालवणारी माणसं घरात दोनच होती.

त्यांनी तबकडीवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग वर न बघता म्हणाले, "कधी आला होता तो तुमच्याकडे?"

दीपमालाने सुस्कारा टाकला. "तुम्हीच ओळखलंत, मग सांगते. दिवाळीच्या आधी. गाडी जोरात पळवायची म्हणाला. सुदर्शनने सांगितलं, आधी ब्रेक, टायर, मग इंजिन. नुसती ताकद वाढवून देणार नाही. त्याला तेवढं थांबायचं नव्हतं. बाहेरून कुठून तरी हा ताकद वाढवायचा डबा लावून घेतला असेल. जाताना म्हणाला, बाबांना बोलू नका. मी शब्द दिला."

"शब्द! गिऱ्हाईक मी आहे."

"गाडी त्याच्या नावावर आहे, काका. आणि तो डबा त्याने खरंच लावलाय, हे मला आज कळलं. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला तो नव्हता. दिसला असता तर त्याला बोलावून तेव्हाच किल्ली ठेवून घेतली असती."

त्या बाईने एकाला दिलेला शब्द पाळला होता आणि दुसऱ्याच्या जिवासाठी किल्ली अडवून धरली होती. दोन्ही एकदम करताना शिव्या खाल्ल्या होत्या. ते उठले, कपडे झटकले आणि रिक्षाने घरी आले. बाईंची माफी मागायला हवी हे रिक्षात बसल्यावर सुचलं. पण रिक्षा थांबवून परत जाण्याइतकं ते मनावर घेतलं नाही.

केदार संध्याकाळी आला. खांबेटे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. उल्काबाई शेजारी.

"दर रविवारी पहाटे तू कुठे जातोस?"

"योगाला. तुम्हाला माहितीये."

"योगाने ब्रेक निळे होत नाहीत."

केदारने पाठीवरची बॅग खाली ठेवली. काही क्षण तो खोटं शोधत होता, हे दिसत होतं. मग त्याने शोधणं सोडून दिलं.

"ताम्हिणी घाटात जातो. ऑफिसचे चौघं-पाच जण. रिकामा रस्ता असतो."

"रेस लावता?"

"तशी रेस नाही... हो, लावतो. बाबा, आठवडाभर मी एका खुर्चीत बसून दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करतो. तो माणूस मला दिसत नाही, त्याला मी दिसत नाही. रविवारी दोन तास तरी काहीतरी माझ्या हातात असतं."

"मग मला सांगायचं!"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही मीटर बघून ठेवलं असतं. लहानपणी माझ्या सायकलच्या टायरला खडूने खूण करायचात, आठवतं? नदीपलीकडे जाऊन आलो की नाही ते बघायला. मी परत आल्यावर खूण पुसून नवी करायचो. तुमचा खडू कुठे असतो ते मला माहीत होतं."

खांबेट्यांना ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की केदार कधी नदीपलीकडे गेलाच नाही.

त्यांनी उल्काबाईंकडे बघितलं. वाटलं होतं, त्या मुलाला चार शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "रविवारचं मला ठाऊक नव्हतं. खडूचं होतं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"अहो, तुमच्या तपासणीत पास व्हायचं तर घरात प्रत्येकालाच काही ना काही लपवावं लागतं. मी नवी साडी दोन महिने कपाटात ठेवते आणि मग जुनीच आहे म्हणून नेसते." मग त्या केदारकडे वळल्या. "आणि तू रे? काल त्या घाटात गाडीत मी बसले होते. पाय खाली गेला तेव्हा ह्यांचा चेहरा मी बघितला. तुला कल्पना आहे?"

केदारला नव्हती. सासवडला गेल्याचं त्याला माहीत होतं, पण त्याने ही सांगड घातलीच नव्हती. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

खांबेटे आतल्या खोलीत जाऊन पडले. कारखान्यात नापास झालेला भाग बोलत नसे. तो परत जायचा, वितळवला जायचा, काम संपलं. घरातली माणसं नापास होऊन कुठे जाणार होती? ती तिथेच राहायची आणि पुढच्या वेळेला खुणा पुसायला शिकायची. हा विचार त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी कूस बदलली, पण तो त्याही बाजूला होता.

शनिवारी बापलेक मिळून ढाकणे ऑटोत गेले. खांबेटे शेडच्या मध्यावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "बाई, परवा मी जे बोललो ते चूक होतं." काम करणारे सगळे वर बघू लागले. दीपमाला म्हणाली, "असू द्या हो काका, चहा घ्या." पण तिने स्टूल स्वतः आणून ठेवलं.

मग बोलणी झाली. केदार म्हणाला, डबा काढून टाकू, विषय संपवू. खांबेट्यांनी नकार दिला, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. "डबा काढलास तर दुसरीकडे दुसरा लावशील," ते म्हणाले. "सुदर्शन, तुम्ही काय म्हणत होतात? आधी ब्रेक?" सुदर्शनने लॅपटॉप उघडून त्यांना इंजिनाचे आलेख दाखवले. कुठल्या वेगाला किती डिझेल जातं, धूर का होतो, किती ताकद हे इंजिन सुखाने सोसेल. खांबेट्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली ती दुपार झाली तरी संपेना. पडद्यावरच्या रेघांवर त्यांचा भरवसा बसला नाही, पण इंजिन ते ओळखत होते आणि पोरगा इंजिनाबद्दल वेडंवाकडं बोलत नव्हता. मोठ्या तबकड्या, चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल, आणि मग इंजिनात बेताचा बदल, असं ठरलं. प्रत्येक भाग बसण्याआधी खांबेट्यांच्या हातून गेला. एक तबकडी त्यांनी परत पाठवली. दीपमालानेही ती बाजूला काढून ठेवलेलीच होती.

पुढच्या रविवारी पहाटे केदार त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, येता?"

हे लाच देणं आहे की बोलावणं, हे खांबेट्यांना कळेना. ते स्वेटर घालून निघाले.

पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी उजव्या हाताला लागलं. केदार चांगलं चालवत होता, हे त्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. एका लांब वळणावर तो वेगाने आला आणि नेमक्या जागी त्याने ब्रेक दाबला. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी वळली. खांबेट्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. ओठ मात्र कुठेतरी हसायला बघत होते. त्यांनी ते आवरलं.

"पुढच्या वळणाला हळू," ते म्हणाले.

"ह्याला हळूच होतो."

"मी पुढच्याचं म्हणतोय."

घाटमाथ्यावर एका टपरीपाशी केदारचे मित्र थांबले होते. चार गाड्या रांगेत उभ्या, पोरं चहा पीत उभी. वडील बरोबर आलेले बघून सगळी एकदम शाळेतल्यासारखी गप्प झाली. कुणीतरी काकांसाठी चहा सांगितला. खांबेटे चहाचा पेला हातात घेऊन गाड्यांच्या बाजूने चालू लागले. प्रत्येक चाकापाशी वाकून आत बघायचे, पुढे जायचे. तिसऱ्या गाडीपाशी ते थांबले आणि चष्मा कपाळावर घेतला.

"ही कुणाची?"

"माझी, काका," एक उंच मुलगा पुढे आला. अभिनव त्याचं नाव. केदारच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"तुम्ही उतरताना गाडी इथेच ठेवा. केदारबरोबर या."

"का? काय झालं?"

"खाली वाका. सांगतो."

तो वाकला. खांबेटेही गुडघ्यावर हात ठेवून त्याच्या शेजारी वाकले आणि त्याला रंग दाखवू लागले. बाकीची पोरं भोवती जमली. एकाने आपल्या गाडीकडे चोरून बघितलं.

"गॅरेजवाल्याने तर सगळं ओके म्हणून सांगितलं होतं," अभिनव हलक्या आवाजात म्हणाला. "काका, चांगलं गॅरेज कुठलंय? भरवशाचं?"

खांबेटे सरळ उभे राहिले. केदार त्यांच्याकडे बघत होता.

"कर्वेनगरला ढाकणे म्हणून एक बाई आहेत," ते म्हणाले. "भरवसा वगैरे ठेवू नका. समोर उभे राहा, चाक काढायला लावा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्यांना राग येत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण काम तिथेच करा."

मग त्यांनी चौथ्या गाडीचा मालक कोण ते विचारलं.